सिझेरियननंतर पोटाला ‘ब्लॉक’ दिला असेल तर: उतरण्याआधी, उतरताना आणि उतरल्यावर काय करायचं

सिझेरियन दुपारी होतं. संध्याकाळी बाळंतीण गप्पा मारत बाळाला पाजत असते, भेटायला आलेले म्हणतात, ‘हिला तर काही दुखतच नाही.’ मग संध्याकाळची गोळी राहून जाते. रात्री बारा-एकच्या सुमाराला ती घामाघूम होऊन जागी होते, कूसही बदलता येत नाही. सकाळी राउंडला पहिली तक्रार ठरलेली: ‘ते पोटातलं इंजेक्शन काही लागलं नाही.’

लागलं होतं. ते इंजेक्शन म्हणजेच ब्लॉक: पोटाच्या भिंतीतल्या नसा काही तास बधिर करणारं औषध. आपल्या वेळेनुसार ते उतरलं, आणि त्याची जागा घ्यायला मागे काहीच ठेवलेलं नव्हतं. ब्लॉकबद्दलच्या बहुतेक तक्रारी सुईच्या नसतातच. त्या पुढच्या चोवीस तासांच्या वेळापत्रकाच्या असतात. म्हणून हा लेख क्रमाने वाचा, आणि जमलं तर ऑपरेशनच्या आधीच. बाळंतिणीसोबत रात्री थांबणाऱ्या आईने, सासूबाईंनी किंवा नवऱ्याने तर नक्कीच. खाली औषधांची मात्रा जिथे दिली आहे तिथे अंतिम शब्द तुमच्या केसपेपरचा.

## आधी हे पक्कं समजून घ्या: दुखणं तीन प्रकारचं असतं

टाक्याचं दुखणं. कातडी, चरबी आणि पोटाचे स्नायू कापले-ताणले गेल्याचं. हलताना, खोकताना, हसताना झणझणतं. ब्लॉक असतो तो यासाठी. पोटाच्या भिंतीकडे येणाऱ्या नसा दोन स्नायूंच्या मधल्या पातळ फटीतून जातात. त्या फटीत बधिर करणारं औषध, म्हणजे बुपिव्हॅकेन किंवा रोपिव्हॅकेन, दोन्ही बाजूंनी सोडलं जातं. त्याला टॅप ब्लॉक म्हणतात.

गर्भाशयाच्या कळा. पिशवी आकुंचन पावताना येणाऱ्या. पाळीसारख्या, ओटीपोटात खोलवर, आणि बाळ अंगावर प्यायला लागलं की जास्त. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात आणखी तीव्र. या कळांची वाट वेगळ्या नसांमधून जाते, त्यामुळे टॅप ब्लॉकने त्या थांबत नाहीत. ‘पाजताना कळ आली म्हणजे ब्लॉक फेल’ हा निष्कर्ष चुकीचा आहे.

गॅसचं दुखणं. पोट फुगणं, बरगडीखाली किंवा चक्क खांद्यात दुखणं. यावर ब्लॉकही चालत नाही आणि जास्तीचं पेनकिलरही फारसं नाही. त्यावर उपाय चालण्याचा.

सिस्टरना ‘खूप दुखतंय’ एवढंच सांगू नका. कुठे, कशाने, आणि यांपैकी कुठलं, ते सांगा. तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे.

## टप्पा १: ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञांशी बोला

ठरवून केलेल्या सिझेरियनमध्ये आदल्या दिवशी किंवा सकाळी भुलीची तपासणी होते. बहुतेकजणी तिथे ‘पाठीतल्या इंजेक्शनने कंबर कायमची धरते का’ हे विचारतात आणि वेळ संपतो. (नाही धरत. कंबर दुखते ती गरोदरपणामुळे, आणि नंतर वाकून पाजण्यामुळे.) विचारायचं आहे ते असं:

1. पाठीतल्या भुलीत मॉर्फिन घालणार आहात का?
2. नसेल, तर शेवटी ब्लॉक देणार का, की टाक्याच्या कडेने औषध भरणार?
3. त्याचा असर साधारण किती तास राहील?
4. त्यानंतरच्या गोळ्या आधीच लिहून ठेवणार का?

पहिला प्रश्न महत्त्वाचा आहे. पाठीतून अगदी थोडं मॉर्फिन, साधारण ५० ते १०० मायक्रोग्रॅम, दिलेलं असेल तर दुखणं १२ ते २४ तास चांगलं दबतं आणि कळांवरही त्याचा उपयोग होतो. त्याच्यावर आणखी टॅप ब्लॉक देऊन फारसा जास्तीचा फायदा होत नाही. पण मॉर्फिन दिल्यावर अंगाला खाज येते, मळमळतं, आणि क्वचित श्वास मंदावू शकतो म्हणून रात्रभर लक्ष ठेवणारं माणूस लागतं. तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये दोन सिस्टर सगळा मजला सांभाळत असतात. तिथे भूलतज्ज्ञ मॉर्फिन टाळतात, आणि ते बरोबरच आहे. ब्लॉकचा खरा उपयोग अशाच ठिकाणी होतो. पूर्ण भूल देऊन तातडीचं सिझेरियन झालं, तरीही.

न विचारता सांगायच्या गोष्टी:

- आजचं वजन, अंदाजे नव्हे, काट्यावरचं. औषधाची कमाल मात्रा वजनावर ठरते.
- दातांच्या डॉक्टरांकडे हिरडीत इंजेक्शन घेतल्यावर कधी त्रास झाला होता का.
- रक्त पातळ करणारं इंजेक्शन चालू असेल, किंवा प्लेटलेट कमी असतील तर.
- बीपी वाढलेलं, किडनीचा त्रास, दमा, अल्सर. ब्लॉकपेक्षा पुढच्या गोळ्या निवडताना याची जास्त गरज लागते.

> इशारा: संमतीपत्रावर ‘भूल’ या एका शब्दात सगळं येतं असं धरून चालू नका. ब्लॉक वेगळा सांगितला जातो. सही करण्यापूर्वी तो मराठीत समजावून मागा.

## टप्पा २: तुमच्या रुग्णालयात काय शक्य आहे ते पाहा

टॅप ब्लॉक सोनोग्राफीच्या मशीनवर सुईचं टोक बघत देणं सगळ्यात सुरक्षित. अडचण अशी की गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्यामुळे सोनोग्राफी मशीन नोंदवलेल्या जागेबाहेर नेता येत नाही. एका दिवसात चार दवाखाने करणारे भूलतज्ज्ञ ते गाडीत टाकून फिरू शकत नाहीत. मोठ्या रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात ऑपरेशन थिएटरमध्ये मशीन असतं. लहान ठिकाणी बहुधा नसतं.

मशीन नसलं तर दोन चांगले पर्याय उरतात. सर्जन पोट शिवताना टाक्याच्या थरांत औषध भरू शकतात, किंवा पोट बंद करण्याआधी आतल्या बाजूने बघत टॅपच्या फटीत औषध सोडू शकतात. नुसत्या बोटाच्या अंदाजाने बाहेरून खोल सुई घालण्याचीही पद्धत आहे, पण आतड्याला सुई लागण्याचा धोका असतो. मला विचाराल तर अशा वेळी टाक्याच्या कडेने नीट भरलेलं औषध केव्हाही बरं.

काही ठिकाणी क्यूएल ब्लॉक देतात. तो कमरेच्या बाजूने, जास्त खोल. कळांवरही थोडा असर करू शकतो, पण मांडी कमजोर होण्याची शक्यता त्यात जास्त. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर तो सहसा टाळतात. कुठला दिला ते विचारून ठेवा, टप्पा ६ मध्ये लागेल.

सरकारी रुग्णालयात असाल तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सिझेरियन, औषधं आणि सात दिवसांपर्यंतचं जेवण मोफत आहे. पेनकिलर बाहेरून आणायला सांगितलं, तर आधी तिथल्या औषध भांडारात विचारा.

## टप्पा ३: टेबलावर

तुम्हाला इथे फार काही करायचं नाही. टाके पूर्ण झाल्यावर, पाठीतली भूल अजून चालू असतानाच ब्लॉक देतात, म्हणून सुई टोचलेली कळतही नाही. पाच-दहा मिनिटांचं काम. सुई दोन्ही बाजूंना टोचते. एकाच बाजूला दिला तर दुसरी बाजू दुखत राहणार.

तुमच्याकडे एकच काम आहे: बोलत राहणं. ब्लॉक दिल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात पुढीलपैकी काहीही जाणवलं तर लगेच मोठ्याने सांगा.

- जिभेला धातूची चव
- ओठांभोवती मुंग्या किंवा बधिरपणा
- कानात शिट्टी, घूं घूं
- अचानक घाबरं होणं, डोळ्यांपुढे फिरणं, अंग थरथरणं

औषध रक्तात जास्त गेल्याची ही लक्षणं आहेत. हे क्वचित घडतं, पण घडलं तर पुढे झटका येऊ शकतो आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर लगेच शरीर या औषधांना जास्त संवेदनशील असतं. ‘उगाच कशाला बोलू’ असं इथे करायचं नाही.

नर्स आणि नवीन डॉक्टरांसाठी, थोडं बाजूला घेऊन. सगळ्यात जास्त गफलत हिशेबात होते. ०.२५ टक्के बुपिव्हॅकेनच्या एका मिलीमध्ये २.५ मिलिग्रॅम असतं. प्रत्येक बाजूला २० मिली दिलं की १०० मिलिग्रॅम झालं. पन्नास किलोच्या बाईला दर किलोला २ मिलिग्रॅम धरलं तर मर्यादा तिथेच संपली. त्यानंतर सर्जननी स्वतःच्या सवयीने टाक्यात आणखी २० मिली भरलं की मर्यादा ओलांडली, आणि दोघांनाही दुसऱ्याने काय दिलं ते माहीत नाही! ब्लॉक आणि टाक्यातलं औषध यांची बेरीज एकाच कागदावर, एकाच माणसाने करायची. बारीक बाईला औषध पातळ करा, एकूण मिली तेवढेच ठेवा. या ब्लॉकला फटीत पसरायला पुरेसा द्रव लागतो. थिएटरमध्ये २० टक्के लिपिड इमल्शनची (रक्तात जास्त गेलेल्या औषधावरच्या उताऱ्याची) बाटली कुठे आहे हे सुई उचलण्याआधी बघा. लागलं तर पहिला डोस दर किलोला १.५ मिली, दोन-तीन मिनिटांत, आणि मग ड्रिप. बाटली शेजारच्या मेडिकलमधून मागवण्याइतका वेळ तेव्हा नसतो.

> पडताळा: थिएटरमधून बाहेर येताना नातेवाइकांपैकी एकाने एवढंच विचारायचं: ब्लॉक दिला का, कुठला, किती वाजता. फिरते भूलतज्ज्ञ तासाभरात पुढच्या दवाखान्यात असतील. नंतर विचारायला कुणी नसतं.

## टप्पा ४: खोलीत आल्यावर पहिलं काम कागदाचं

वहीचं एक पान घ्या आणि पलंगाशेजारी चिकटवा. वर लिहा: ब्लॉक दुपारी १२ वाजता. खाली तीन रकाने: वेळ, औषध, दिलं. फोनमधला गजर पुरेसा नाही, कारण रात्री माणूस बदलतं आणि फोन त्याच्याबरोबर घरी जातो.

आता वेळेचा अंदाज. पाठीतली भूल दोन ते चार तासांत उतरते, पाय हलू लागतात. टॅप ब्लॉक साधारण सहा ते बारा तास चालतो; कुणाला आणखी थोडा. दुपारी बाराला दिला असेल तर संध्याकाळी सहा ते मध्यरात्र, या वेळात तो उतरणार. आणि तो नळ बंद करावा तसा अचानक थांबत नाही; आधी हलताना टोचतं, मग बसल्या जागी.

या काळात पोटावर एक गोष्ट करायची नाही: शेक. बधिर कातडीला गरम कळत नाही. गरम पाण्याची पिशवी ठेवली तर फोड आल्यावरच लक्षात येतं.

## टप्पा ५: गोळ्या घड्याळावर

इथे जरा थांबून वाचा. ब्लॉक उतरायच्या आधी गोळ्यांचा असर रक्तात असायला हवा. दुखायला लागल्यावर घेतलेली गोळी चढायला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि तोपर्यंत दुखणं तिच्या आवाक्याबाहेर गेलेलं असतं. ‘दुखलं तर घेऊ’ ही पद्धत एरवीच्या डोकेदुखीला ठीक आहे, इथे नाही.

पाया दोन औषधांचा: पॅरासिटामॉल, आणि सूज कमी करणारं एक औषध, म्हणजे डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन. दोघांचं काम वेगळ्या वाटेने चालतं, म्हणून दोन्ही मिळून जास्त उपयोग. गर्भाशयाच्या कळांवर विशेषतः दुसरं.

नमुन्याचं वेळापत्रक, दुपारी बाराला ब्लॉक धरून:

- दुपारी १२: पॅरासिटामॉल सलाइनमधून. ऑपरेशन संपताना शौचाच्या जागेतून डायक्लोफिनॅकची १०० मिलिग्रॅमची सपोझिटरी.
- संध्याकाळी ६: पॅरासिटामॉल. दुखत नसलं तरी.
- रात्री १२: पॅरासिटामॉल आणि डायक्लोफिनॅक ५० मिलिग्रॅम. झोपली असली तरी उठवून.
- सकाळी ६: पॅरासिटामॉल. त्यानंतर साधारण पाऊण तासाने पहिलं मोठं चालणं.
- दुसऱ्या दिवशी दुपारपासून: पॅरासिटामॉल दर सहा तासांनी, डायक्लोफिनॅक ५० दर आठ तासांनी, जेवणानंतर.

पॅरासिटामॉलचा एक डोस मोठ्या माणसाला १ ग्रॅम, दिवसाला ४ ग्रॅमच्या वर नाही. वजन पन्नास किलोच्या आत असेल तर दर किलोला १५ मिलिग्रॅम. पंचेचाळीस किलोच्या मुलीला ६५०ची एक गोळी बरोबर बसते. डायक्लोफिनॅक दिवसाला १५० मिलिग्रॅमच्या वर नाही, आणि त्यात सपोझिटरीही मोजायची.

इथे चार चुका वारंवार होतात.

रात्री बाराचा डोस चुकवणं. ‘दमलीय बिचारी, झोपू द्या.’ प्रेमाने केलेली ही चूक सगळ्यात महाग पडते. नेमक्या याच वेळी ब्लॉक उतरत असतो. उठवा, गोळी द्या, बाळाला पाजायला लावा, परत झोपू द्या.

एकच औषध दोनदा. केसपेपरवर ॲसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉलची जोडगोळी असते, आणि अंग गरम वाटलं म्हणून घरून आणलेली डोलो वर दिली जाते. दोन्हीत पॅरासिटामॉल आहे. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा. तसंच, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक आणि आयब्युप्रोफेन ही एकाच घरातली भावंडं. यांपैकी एका वेळी एकच.

दुधातून बाळाला जाईल म्हणून बंद करणं. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक दुधात फारच थोडं उतरतं आणि पाजणाऱ्या आईला ती नेहमी दिली जातात. ब्लॉकमधल्या औषधाचंही तेच. उलट आई दुखण्याने आखडून बसली की बाळाला नीट धरता येत नाही आणि पाजणं लांबत जातं. ज्यांच्याबद्दल खरंच जपायचं ती औषधं वेगळी: कोडीन आणि ट्रॅमाडॉल. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये पाजणाऱ्या आयांनी ही दोन घेऊ नयेत असा इशारा दिला. आपल्याकडे ट्रॅमाडॉलची ड्रिप अजून सर्रास लावतात. दुखणं हाताबाहेर गेल्यावर देखरेखीखाली एखादा डोस डॉक्टर ठरवतील. पण पहिल्या दिवसापासून ‘रूटीन’ म्हणून लागत असेल तर बाकीच्या गोळ्या वेळेवर दिल्या होत्या का, हे विचारा. बाळ नेहमीपेक्षा सुस्त, प्यायला उठत नाही, श्वास थांबून थांबून असं वाटलं तर लगेच दाखवा.

ज्यांना चालत नाही त्यांनाही देणं. बीपी वाढून किडनीवर परिणाम झालेला असेल, प्लेटलेट कमी असतील, रक्तस्राव जास्त झाला असेल, अल्सर असेल, किंवा पेनकिलरने दमा उसळत असेल, तर डायक्लोफिनॅक गटातलं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. अशा बाळंतिणीला ब्लॉकची गरज जास्त, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

> पडताळा: दर चार तासांनी विचारा, ‘रुपयात किती आणे दुखतंय?’ शून्य ते दहा आकडे सांगणं आपल्याकडे अनेकींना अवघड जातं. आणे लगेच सांगतात. पण त्याहून खरी परीक्षा ही: कूस वळता येते का, पोटाला हात लावून खोकता येतं का, बसून पाजता येतं का. सहा आणे सांगून खोकू न शकणारीला औषध कमी पडतंय.

## टप्पा ६: पहिल्यांदा उठणं

साधारण सहा ते आठ तासांनी, डॉक्टरांनी सांगितल्यावर. ब्लॉक चालू असताना उठणं सोपं जातं, म्हणून ती वेळ वाया घालवू नका. पण त्याआधी पाय तपासा. औषध कधी कधी खाली सरकून मांडीच्या नसेपर्यंत पोचतं. गुडघा अचानक वाकतो आणि बाई पडते.

1. पलंगावर पडूनच एकेक पाय सरळ, गुडघा न वाकवता उचला. दोन्ही सारखे उचलले जातात का?
2. मांडीच्या पुढच्या बाजूला हात फिरवा. दोन्हीकडे सारखं कळतं का?
3. एका कुशीवर वळा, गुडघे पोटाकडे घ्या, पाय पलंगाखाली सोडा आणि त्याच वेळी कोपरावर जोर देऊन बसा. उताणं असताना सरळ उठायचा प्रयत्न म्हणजे टाक्यावर सगळा ताण.
4. पाय खाली सोडून दोन-तीन मिनिटं बसा. गरगरलं तर परत आडवं व्हा.
5. दोघांच्या आधाराने उभं राहा. जागच्या जागी चार पावलं टाका, मग चाला.

पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीत फरक जाणवला तर उठायचं नाही, सिस्टरना सांगायचं. असर उतरला की ताकद परत येते. चोवीस तासांनंतरही पाय जड किंवा बधिर असेल, किंवा कमरेत नवं, वाढतं दुखणं असेल, तर ते ब्लॉकच्या खात्यावर टाकून गप्प बसू नका. त्याच दिवशी तपासणी हवी.

> इशारा: पाय तपासून चालून होईपर्यंत बाळाला कडेवर घेऊन उभं राहायचं नाही.

खोकताना, शिंकताना टाक्यावर उशी धरून दाबा. पाजताना बाळाचं वजन टाक्यावर येऊ देऊ नका. कुशीवर झोपून, किंवा बाळाला काखेखाली धरून पाय मागे जातील असं. पाजण्याआधी लघवी करून या, भरलेल्या मूत्राशयाने कळा वाढतात.

## टप्पा ७: ब्लॉक उतरला आणि तरी दुखतंय

क्रमाने बघा. आधी कागद: कुठला डोस चुकला का? चुकला असेल तर आत्ता द्या आणि अर्धा-पाऊण तास थांबा. सगळे डोस वेळेवर गेले असतील, तर दुखणं कुठलं ते ओळखा. फक्त एका बाजूला टाका झणझणत असेल तर त्या बाजूचा ब्लॉक कमी पडलाय. भूलतज्ज्ञांना कळवा, वरून आणखी औषध देता येतं. पाजताना कळा असतील तर सूज कमी करणाऱ्या औषधाची वेळ पाजण्याच्या आधी येईल अशी जुळवून घ्या. पोट नगाऱ्यासारखं असेल तर चाला.

आणि काही दुखणी पेनकिलर वाढवून दाबायची नसतात. ही दिसली तर डॉक्टरांना बोलवा. घरी असाल तर १०८:

- पोट लाकडासारखं कडक, किंवा कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढायला लागलेलं
- एका तासात पॅड पूर्ण भिजणं
- १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, घाण वासाचा स्राव, टाक्यातून पू
- एका पोटरीला सूज आणि दुखणं, धाप, छातीत दुखणं
- तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, विशेषतः बीपी असलेल्यांना

बसल्यावर वाढणारी आणि आडवं होताच थांबणारी डोकेदुखी ही पाठीतल्या भुलीची असू शकते. उशी घेतल्याने ती होत नाही, उशी काढल्याने जातही नाही. ज्यांनी भूल दिली त्यांना कळवा. तिच्यावर उपचार आहे.

## टप्पा ८: घरी गेल्यावर

डिस्चार्जच्या दिवशी गोळ्या एकदम बंद करू नका. प्रवासाच्या तासभर आधी एक डोस घ्या, रस्त्यावरचे खड्डे टाक्याला कळतात. नंतर आधी सूज कमी करणारं औषध कमी करत आणा, पॅरासिटामॉल शेवटी.

पोटपट्ट्याबद्दल घराघरांत दोन पक्ष असतात. दुखणं कमी करायला पट्टा खरोखर मदत करतो, उठताना-चालताना. पण सुती लुगड्याने आवळून बांधलेलं पोट म्हणजे पट्टा नव्हे. खोल श्वास घेता आला पाहिजे, खाली दोन बोटं जायला हवीत, टाका दमट राहता कामा नये, आणि झोपताना सोडायचा. पोट आत जाईल या आशेने बांधत असाल तर ते काम त्याचं नाही.

शेक-शेगडीची हौस असेल तर टाका आणि त्याभोवतीची जागा सोडून, पाठीला-कमरेला, आणि हाताने ऊब तपासून. ब्लॉक उतरला तरी टाक्याच्या आसपासची कातडी काही महिने बधिर असते, कारण तिथल्या बारीक नसा कापल्या गेलेल्या असतात. तिथेही भाजलेलं कळत नाही. बंद खोलीत बाजेखाली कोळशाची शेगडी तर नकोच. तिच्या विषारी वायूने आई आणि बाळ दोघांना धोका आहे.

बधिरपणा हळूहळू कमी होतो. पण तीन महिन्यांनंतरही टाक्याच्या एका टोकाला जळजळ, चमक, कपडा घासला तरी सहन न होणं असं चालू असेल तर घरी एक चाचणी करा. उताणं झोपून दुखऱ्या जागेवर बोट दाबा आणि डोकं-खांदे उचलून पोट ताठ करा. दुखणं वाढलं तर ते बहुधा पोटाच्या आतलं नाही, भिंतीतल्या अडकलेल्या नसेचं आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांना हे सांगा, आणि वेदनातज्ज्ञांकडे पाठवायला सांगा. त्या नसेजवळ दिलेला ब्लॉक निदान पक्कं करतो, आणि अनेकदा दुखणंही कमी करतो. जाताना डिस्चार्ज कार्ड घेऊन जा. पहिला ब्लॉक कुठला आणि कोणत्या औषधाचा होता, हे ते पहिल्यांदा विचारतील.